अण्वस्त्रांवर संशोधन: बंद कागद उघडायचे कसे

अण्वस्त्रांवर पीएचडी म्हटलं की पहिली शंका ठरलेली: सगळंच गोपनीय, मग वाचायचं काय? खरं तर खुले झालेले कागद आयुष्यभर पुरतील. घोडं अडतं ते विषय निवडताना.

बॉम्बच्या रचनेच्या वाटेला जाऊ नका. अमेरिकेत ती माहिती १९५४च्या अणुऊर्जा कायद्याखाली येते आणि वर्षं उलटली म्हणून आपोआप खुली होत नाही. निर्णय कुणी घेतला, कुणाचा विरोध डावलून घेतला, हे विचारा.

उदाहरणं निवडताना फक्त बॉम्ब मिळवलेले देश घेतलेत, तर ‘धोका होता म्हणून बॉम्ब केला’ हा निष्कर्ष आयताच हाती येतो आणि परीक्षक तिथेच पकडतात. विचार करून मागे फिरलेला स्वीडन आणि सहा बॉम्ब बनवून मोडणारा दक्षिण आफ्रिका जोडीला हवेतच. आज अण्वस्त्रधारी देश अवघे नऊ. एवढ्यांवर आकडेवारीचा डोलारा उभा राहत नाही.

कागदांची सुरुवात अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या छापील दस्तऐवजमालेपासून करा. प्रत्येक कागदाच्या टिपेत मूळ फाइल कुठे आहे ते दिलेलं असतं. ते उतरवून घ्या. अभिलेखागारात फोल्डर उघडल्यावर गोपनीय म्हणून काढून घेतलेल्या कागदांची यादी दिसते: तारीख, प्रकार, पानं. नवखे ती उलटून पुढे जातात. तिचाच फोटो आधी काढा, कारण गोपनीयतेच्या फेरतपासणीचा, म्हणजे ‘हा कागद आता खुला करता येईल का ते पुन्हा बघा’ असा, अर्ज नेमक्या कागदासाठी करावा लागतो. ‘१९७०च्या दशकातले पाकिस्तानविषयीचे सर्व कागद’ अशी मागणी वर्षानुवर्षं पडून राहते. नकार आला तर आधी त्याच खात्याकडे अपील, मग आंतरखातीय अपील मंडळाकडे.

काळ्या पट्ट्या मारलेली प्रत मिळाली म्हणून हिरमुसू नका. त्याच टिपणाची दुसरी प्रत अनेकदा दुसऱ्या खात्याच्या फाइलीत असते, आणि एकाने झाकलेला परिच्छेद दुसऱ्याने कधी कधी मोकळा सोडलेला असतो. दोन्ही शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून बघा.

बैठकीचं इतिवृत्त मात्र एका बाजूचं असतं. लिहिणारा आपल्या साहेबाला सांभाळूनच लिहितो. समोरच्या देशाचा कागद, निदान लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातला ब्रिटिश वकिलातीचा अहवाल, मिळाल्याशिवाय दावा ठोकू नका.

अर्ज पहिल्याच वर्षी टाका. उत्तर प्रबंध सादर झाल्यावरही येऊ शकतं, म्हणून एकही प्रकरण त्यावर टांगून ठेवू नका.