सोळाव्या वर्षानंतरचं चाइल्ड बेनिफिट: ३१ ऑगस्टच्या आत काय करायचं

ब्रिटनमध्ये मुलाला सोळा वर्षं पूर्ण झाली की त्यानंतरच्या ३१ ऑगस्टला चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलासाठी पालकांना मिळणारा सरकारी भत्ता, थांबतं. मूल पुढे शिकणार असेल तर ते चालू राहतं, पण तसं एचएमआरसीला (ब्रिटनच्या कर खात्याला) कळवलं तरच. सिक्स्थ फॉर्मला (शाळेच्या सोळानंतरच्या वर्गांना) नाव घातलं म्हणजे तिकडे आपोआप कळलं, असं होत नाही.

शाळेच्या शेवटच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुमाराला एचएमआरसीचं पत्र येतं. ज्याच्या नावावर क्लेम आहे त्याच्याच नावाने, नोंदवलेल्या पत्त्यावर. घर बदललं असेल तर पत्ता आधी बदलून घ्या. पत्र आलं नाही तरी थांबू नका. एचएमआरसीच्या ॲपवर किंवा सरकारी वेबसाइटवर पाच-दहा मिनिटांत हे काम होतं. जीसीएसईच्या (सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेच्या) निकालाचीही वाट पाहू नका. निकाल ऑगस्टच्या उत्तरार्धात लागतो आणि त्या धावपळीत तारीख निघून जाते. आधी कळवून टाका, बेत बदलला तर पुन्हा कळवा.

आता कोर्स चालतो का ते पाहा. ए-लेव्हल (आपल्या बारावीसारखं), टी-लेव्हल (तांत्रिक कोर्स), इंटरनॅशनल बॅकलरिएट, स्कॉटलंडचे हायर्स, लेव्हल ३ पर्यंतचे एनव्हीक्यू (व्यवसाय-कौशल्याचे कोर्स) चालतात. डिग्री आणि एचएनसी, एचएनडी हे उच्च शिक्षणाचे कोर्स चालत नाहीत. मालकाने नोकरीचा भाग म्हणून दिलेलं शिक्षणही चालत नाही, आणि इंग्लंडमधली अप्रेंटिसशिपसुद्धा (नोकरी करत शिकणं) नाही.

सगळ्यात जास्त घोळ तासांचा होतो. आठवड्याला सरासरी १२ तासांपेक्षा जास्त शिक्षण हवं. बरोबर १२ भरले तर पुरत नाहीत. टाइमटेबल समोर घेऊन मोजा: तीन विषय, प्रत्येकी पाच तास, म्हणजे १५, झालं काम. पण एखादा विषय सोडला की १० उरतात आणि हक्क जातो. जेवणाची सुट्टी आणि शिक्षकांच्या देखरेखीशिवाय केलेला अभ्यास धरत नाहीत. कोर्सचाच भाग असलेला कामाचा अनुभव धरतात. घरी शिकवत असाल तर ते सोळाच्या आधी सुरू झालेलं हवं; मुलाच्या विशेष गरजा असतील तर ही अट नाही.

कोर्स १९ व्या वाढदिवसाच्या आधी सुरू झाला असेल किंवा त्याला प्रवेश मिळालेला असेल, तर २० पूर्ण होईपर्यंत पैसे मिळू शकतात. शिक्षण सुटलं तर फेब्रुवारीचा शेवट, ३१ मे, ३१ ऑगस्ट किंवा ३० नोव्हेंबर यांतली पुढची जी तारीख आधी येईल तोवर मिळतात. १० नोव्हेंबरला कॉलेज सोडलं तर ३० नोव्हेंबरपर्यंत. ५ डिसेंबरला सोडलं तर फेब्रुवारीअखेरपर्यंत. सोडल्याचं लगेच कळवा, नाहीतर जास्तीचे पैसे परत मागितले जातात.

रक्कम किती? २०२५-२६ मध्ये पहिल्या मुलासाठी आठवड्याला २६.०५ पौंड, पुढच्या प्रत्येकासाठी १७.२५ असा दर होता. मोठ्याचं थांबलं की धाकटा ‘पहिला’ ठरतो, म्हणून दोन मुलांच्या घरात त्या दराने आठवड्याला १७.२५ कमी होतात, २६.०५ नव्हे. आई-वडिलांपैकी ज्याचं वर्षाचं उत्पन्न जास्त आहे त्याचं ६०,००० पौंडांवर गेलं तर दर २०० पौंडांमागे बेनिफिटच्या १ टक्का कर लागतो आणि ८०,००० ला सगळंच परत जातं. इथे दोघांच्या पगाराची बेरीज करत नाहीत. ६८,००० असेल तर ४० टक्के.

आपल्या लोकांसाठी दोन गोष्टी. व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत घ्यायला मनाई) अशी अट असेल तर तुम्ही स्वतः क्लेम करू नका. चाइल्ड बेनिफिट पब्लिक फंडातच मोडतं आणि व्हिसाची अट मोडली जाते. आणि मुलाला अकरावी-बारावीसाठी पुण्याला किंवा नाशिकला आजी-आजोबांकडे पाठवत असाल तर तेही कळवा. १२ आठवड्यांपेक्षा जास्त काळ मूल ब्रिटनबाहेर राहणार असेल तर कळवणं बंधनकारक आहे.

पैसे चुकून थांबले असतील तर क्लेम पुन्हा सुरू करता येतो, पण मागचे पैसे जास्तीत जास्त तीन महिन्यांचेच मिळतात. प्रवेशाचं पत्र आणि टाइमटेबल जपून ठेवा.