शार्ल द फुको यांचे चरित्र कसे वाचावे

‘संत’ आणि ‘हेर’ हे दोन्ही तयार शिक्के प्रथम बाजूला ठेवावेत. १९०५ पासून फ्रेंच कॅथलिक धर्मगुरू फुको अल्जीरियातील तामनरासेत येथे सहारातील भटक्या तुआरेग मुसलमानांमध्ये एकांतवासी म्हणून राहिले. पण फ्रेंच सैन्याधिकाऱ्यांशी त्यांचा पत्रव्यवहार चालूच होता आणि अखेरीस बांधलेल्या गढीत बंदुकाही होत्या, हे टिपून घेऊनच पुढे जावे. १९०८ पाशी मात्र रेंगाळावे: भर दुष्काळात, आजारी फुकोंसाठी शेजाऱ्यांनी मिळेल त्या शेळीचे दूध गोळा करून आणले. धर्मांतरे मोजत बसू नये (हाती फारसे काही लागत नाही). त्यापेक्षा त्यांचा चार खंडांचा तुआरेग-फ्रेंच शब्दकोश चाळावा. १ डिसेंबर १९१६ रोजी त्यांची हत्या झाली; २०२२ मधील संतपदाची घोषणा सर्वांत शेवटी वाचावी.