पहिल्या तारखेआधीची तयारी: मूल घराबाहेर ठेवलेल्या प्रकरणांत वकिलांसाठी

घरात धोका आहे म्हणून सरकारी यंत्रणेने मुलाला घरातून हलवलं आहे, प्रकरण तुमच्या वकिलांच्या गटाकडे आलं आहे आणि पहिली तारीख तीन दिवसांवर आहे, असं धरून चालू. गटप्रमुख म्हणून पहिलं काम दिनदर्शिका उघडण्याचं. जमिनीच्या दाव्यात दोन महिन्यांनंतरची तारीख पडली तर जमीन जागेवरच असते. आठ महिन्यांच्या बाळाचे दोन महिने म्हणजे त्याच्या आजवरच्या आयुष्याचा चौथा हिस्सा, आणि तेवढ्यात ते दुसऱ्याच कुणाच्या तरी कुशीत झोपायला शिकतं. पुढे हीच सवय आईवडिलांच्या विरोधात पुरावा म्हणून मांडली जाते. कायद्याचं घड्याळही चालूच असतं. अमेरिकेत 1997 च्या कायद्याप्रमाणे मूल मागच्या 22 महिन्यांपैकी 15 महिने सरकारी व्यवस्थेत राहिलं की, काही अपवाद सोडता, आईवडिलांचे हक्क संपवण्याचा अर्ज राज्याला करावा लागतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2014 पासून अशा प्रकरणांना साधारणपणे 26 आठवड्यांची मर्यादा आहे. तुमच्याकडची मुदत कोणती आणि ती कोणत्या दिवसापासून मोजतात, हे फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

मग ठरवा की तुम्ही कुणाचे वकील आहात. हा प्रश्न बाळबोध वाटतो, पण गोंधळ इथेच होतो. एकाच गटाने आईचंही वकीलपत्र घ्यायचं आणि मुलाचंही, हे चालणार नाही. आई आणि वडील यांचंही एकत्र घेण्याआधी दहा वेळा विचार करा. घरातल्या मारहाणीचा विषय निघाला की दोघांची बाजू एका तोंडाने मांडता येत नाही. ही तपासणी पहिल्या बोलण्याआधीच व्हायला हवी. एकाचं गुपित ऐकून बसलात की कदाचित दोघांनाही सोडावं लागेल, आणि ऐन सुनावणीच्या तोंडावर दोघंही वकिलाविना राहतील. ज्यांना वकीलच मिळत नाही असे आईवडील आजही पुष्कळ आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये पाचास चार अशा मतांनी ठरवलं की, हक्क संपवण्याच्या कारवाईतसुद्धा गरीब पालकाला सरकारी खर्चाने वकील देणं प्रत्येक वेळी घटनेने बंधनकारक नाही. नंतर अनेक राज्यांनी आपापल्या कायद्यांनी ही उणीव भरून काढली. म्हणून समोर आलेल्या आईच्या हातात कागद नसले, तरी तिला परत पाठवू नका.

गटात फक्त वकील असून भागत नाही. एक सामाजिक कार्यकर्ता हवा, आणि शक्य असेल तर या सगळ्यातून स्वतः गेलेली एखादी आई किंवा बाप हवा. न्यूयॉर्क शहरातल्या प्रकरणांवरचा एक मोठा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. एकट्या वकिलाच्या तुलनेत अशा मिश्र गटाने पालकांची बाजू मांडली, तेव्हा मुलं पुढच्या चार वर्षांत सरासरी 118 दिवस कमी काळ घराबाहेर राहिली, आणि त्यांच्या सुरक्षिततेत फरक पडला नाही. जवळजवळ चार महिने! गटासाठी पैसे मागायला जाल तेव्हा हा आकडा सोबत न्या.

पालकाशी पहिली भेट दारं बंद असलेल्या खोलीत घ्या आणि दोन तास मोकळे ठेवा. ‘तुमच्यावर आरोप काय आहे’ या प्रश्नाने सुरुवात करू नका. तो प्रश्न त्यांना चारपाच जणांनी आधीच विचारलेला असतो. मुलाचा दिवस कसा जातो ते विचारा: उठतं कधी, काय खातं, रात्री कशाला घाबरतं, कुणाच्या अंगावर झोपतं. यातून आईचं मुलाकडे किती लक्ष आहे ते कळतं आणि तुम्हाला साक्षीचा कच्चा मालही मिळतो. तुम्ही ऐकलेलं बाहेर जाणार नाही, हे साध्या शब्दांत सांगा. त्याच घटनेवरून फौजदारी गुन्हा नोंदला आहे का, हे त्याच बैठकीत विचारा. असेल तर फौजदारी वकिलाशी बोलल्याशिवाय पालकाने कुठेही जबाब देऊ नये. इथे सहकार्य म्हणून दिलेलं एक वाक्य तिकडे कबुली ठरू शकतं. भाषा वेगळी असेल तर दुभाषा बाहेरचा आणा, नातेवाईक नको, आणि मोठं भावंड तर मुळीच नको. उठण्याआधी नातलगांची यादी करा: आजी, मावशी, आत्या, काका, शेजारी, शिक्षक. यातलं कोण आज रात्री मुलाला ठेवून घेईल, हे विचारून लगेच फोन लावा. पहिल्या सुनावणीत ‘मावशी बाहेर बसली आहे’ असं सांगता आलं तर कधी कधी सगळं प्रकरण वेगळ्या वाटेला लागतं.

मुलाला हलवणाऱ्या यंत्रणेचा अहवाल वाचताना पेन्सिल हातात ठेवा. प्रत्येक वाक्यासमोर लिहा: कुणी पाहिलं, कुणी नुसतं ऐकलं, कोणत्या तारखेला. ‘घर राहण्यायोग्य नव्हतं’ हे मत झालं. फ्रिज रिकामा होता की खिडकीला गज नव्हते, ते विचारा. अहवालातली किती वाक्यं खरं तर गरिबीचं वर्णन आहेत, ते वेगळं काढा. मुलांच्या पर्यायी, म्हणजे आईवडिलांशिवाय होणाऱ्या, संगोपनाबद्दल संयुक्त राष्ट्रांनी 2009 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. केवळ आर्थिक आणि भौतिक दारिद्र्य हे मुलाला आईवडिलांपासून दूर करण्याचं कारण होऊ शकत नाही, तो कुटुंबाला मदत हवी असल्याचा इशारा समजावा, असं ती सांगतात. तेव्हा नुसती हरकत घेऊन थांबू नका. भाडं, पाळणाघर, औषधोपचार यांपैकी कोणती मदत मिळाली की धोका टळतो, याचा प्रस्ताव लेखी द्या. अहवाल किती जुना आहे तेही बघा. नॉर्वेविरुद्धच्या एका प्रकरणात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने 2019 मध्ये आईच्या बाजूने निकाल दिला. मुलाला दत्तक देण्याचा निर्णय होताना आईच्या बदललेल्या परिस्थितीची ताजी तज्ज्ञ तपासणी झालेली नव्हती, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. आणि पुराव्याची पातळी विसरू नका: हक्क कायमचे संपवायचे तर पुरावा स्पष्ट आणि खात्री पटवणारा हवा, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये ठरवलं आहे.

पालक आणि मुलाच्या भेटींची मागणी मात्र पहिल्याच तारखेला करा. ‘नियमानुसार भेटी’ एवढ्या शब्दांवर समाधान मानू नका. आठवड्यातून किती वेळा, किती तास, कुठे, मुलाला कोण आणणार, आईच्या कामाची वेळ काय, देखरेखीची गरज का आहे आणि ती कधी उठणार, हे आदेशातच यायला हवं. सुरुवातीच्या काळात मी एका प्रकरणात हे मोघम सोडलं होतं. बस चुकल्यामुळे आईच्या तीन भेटी हुकल्या आणि अहवालात ‘आईला रस नाही’ असं आलं. ते वाक्य खोडून काढायला आठ महिने लागले. तेव्हापासून हुकलेल्या प्रत्येक भेटीचं कारण त्याच दिवशी लेखी कळवायचं, हा आमच्या गटाचा नियम आहे. 1989 च्या बालहक्क करारातलं नववं कलम पाठ असू द्या: मुलाच्या हिताला बाधक नसेल तर दोन्ही पालकांशी नियमित संपर्क हा मुलाचाच हक्क आहे. न्यायाधीशांसमोर भेट मागताना ती मुलासाठी मागा.

मुलाचे वकील असाल तर कायदा तुम्हाला कोणती भूमिका देतो ते आधी बघा: मुलाचं म्हणणं जसंच्या तसं मांडायची की त्याचं हित कशात आहे यावर स्वतःचं मत द्यायची. दोन्ही करायची असेल तर तसं न्यायालयाला आणि मुलाला उघड सांगा. मूल राहतं तिथे जाऊन भेटा, प्रत्येक सुनावणीआधी भेटा. बालहक्क करारातल्या बाराव्या कलमाच्या म्हणण्याप्रमाणे मुलाचं मत ऐकायचंच असतं, आणि त्यासाठी वयाची किमान अट घालू नये, असं करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने 2009 मध्ये स्पष्ट केलं. तीन वर्षांचं मूलही चित्रातून, खेळातून, कुणाला बिलगतं त्यातून सांगत असतं. झालेली घटना पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. ‘तुला घरी नेतो’ असं वचन देऊ नका. भावंडं कुठे आहेत, शाळा तीच राहिली का, रोजचं औषध आणि अंगावर घ्यायची गोधडी सोबत आली का, हे नक्की विचारा. मोठ्यांच्या यादीत गोधडी कधीच नसते.

घरात खरोखर धोका असेल तर तो झाकू नका. पालकाच्या वकिलाने मारहाण करणारी व्यक्ती घराबाहेर कशी राहील याची योजना मांडावी. अशी योजना उभीच राहत नसेल, तर मूल आजीकडे सुरक्षित राहण्यासाठी जीव तोडून भांडावं. मीसुद्धा आईला ‘आत्ता नाही’ असं सांगितलं आहे, आणि नंतर तिच्याबरोबर बसून राहिले आहे.

सुनावणीच्या सकाळी मागणीच्या आदेशाचा मसुदा, साक्षीदारांची नावं, भेटींची नोंदवही आणि पाण्याची बाटली बॅगेत आहे ना, एवढं बघा. गटातल्या प्रत्येकाकडे किती प्रकरणं आहेत यावर गटप्रमुखाने आदल्या दिवशीच नजर टाकलेली असावी. ज्याला मुलाचं नाव फाइल उघडून बघावं लागतं, त्याच्याकडे नवं प्रकरण देऊ नका.

आदेश झाल्यावर इमारतीतून बाहेर पडण्याआधी पालकाला बाकावर बसवा. आदेश त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. त्यांनी काय करायचं, इतरांनी काय करायचं, पुढची तारीख आणि अपिलाची मुदत एका कागदावर लिहून द्या. त्यांना ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायला लावा. मुलाच्या वकिलाने त्याच संध्याकाळी मुलाला भेटून आज काय ठरलं आणि आई कोणत्या वारी येणार, ते सांगावं.