चट्टा जात नाही? मग ट्यूब बदलत बसू नका, या चुका टाळा

आमच्या मोठेबाबांच्या कमरेवर, बरोबर करदोड्याखाली, एक लालसर चट्टा होता. घरच्यांनी ठरवूनच टाकलं का करदोडा घासते. करदोडा बदलला, मग काढूनच टाकला, चट्टा तिथंच. मांडीवर अजून दोन आले तेव्हा गजकर्ण म्हणून ट्यूब सुरू झाली, लावली का पंधरा दिवसांत फिकट, बंद केली का पुन्हा जैसे थे, असं सहा वर्षं. निघालं काय तर मायकोसिस फंगॉइडिस, म्हणजे कातडीतला लिम्फोमा, रक्ताच्या कॅन्सरच्या घरातलाच. नावात फंगस आहे पण बुरशीशी संबंध नाही, १८०६ मध्ये आलिबेर नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं पाहिलेल्या पेशंटच्या अंगावर मशरूमसारख्या गाठी होत्या म्हणून ते नाव पडलं.

लगेच घाबरू नका बाप्पा, बहुतेक चट्टे एक्झिमा, सोरायसिस नाहीतर गजकर्णच असतात. पण जे नसतात ते हुबेहूब तसेच दिसतात, लोचा तिथंच आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मेडिकलवरून आणलेली ट्यूब. त्यात बऱ्याचदा बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोल नावाचं जोरदार स्टेरॉईड एकत्र असतं. २०१८ मध्ये सरकारनं अशी स्टेरॉईड मलमं चिठ्ठीवरच द्यायची म्हणून सांगितलं, तरी "भाऊ, खाजेची ट्यूब द्या" म्हटलं का मिळते. स्टेरॉईडनं हा लिम्फोमाही काही दिवस दबतो, म्हणून ट्यूबनं फरक पडला म्हणजे साधंच असेल हा हिशोब चुकतो. वर त्यामुळं बायोप्सीही, म्हणजे कातडीचा तुकडा काढून केलेली तपासणी, फसते. मोठेबाबांनी आदल्या रात्रीपर्यंत ट्यूब लावली होती, हे डॉक्टरला सांगितलंच नाही, रिपोर्ट आला एक्झिमा. सांगितलं असतं तर दोन-चार आठवडे बंद ठेवून मग तुकडा घेतला असता. (स्टेरॉईडच्या गोळ्या चालू असतील तर त्या मात्र मनानं एकदम बंद करू नका, ते धोक्याचं आहे.) आणि एक रिपोर्ट साधा आला म्हणून फाईल बंद करायची नाही, या आजारात दोन-तीनदा तुकडा घ्यावा लागणं नेहमीचंच, आमचं तिसऱ्यांदा सापडलं.

जागा पाहा. फवारणीच्या दिवसांत सगळं खापर फवाऱ्यावर फुटते, पण औषधाची रिॲक्शन बहुतेक हातावर, मानेवर, तोंडावर, जिथं उडालं तिथं येते. या लिम्फोमाचे चट्टे उलट ऊन न लागणाऱ्या जागी, कंबर, ढुंगण, मांडीचा वरचा भाग, बायकांच्या छातीवर. लाजेपोटी डॉक्टरला हातच दाखवतो आपण. कातडी पातळ होऊन कांद्याच्या पापुद्र्यासारखी चुरगळलेली दिसते, मोठेबाबांची तशीच होती, आम्ही म्हटलं वय झालं.

सावळ्या रंगावर, खास करून लहान पोरांत, हेच चट्टे पांढरट येतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडं कुष्ठरोग अजून आहे, म्हणून आधी तोच तपासणं बरोबरच, आशाताईला दाखवायला लाजू नका. पण संवेदना शाबूत आहे, उपचार होऊनही चट्टा वाढतच आहे, तर कोड म्हणून गप्प बसू नका, बायोप्सीचं विचारा.

वरचं सगळं हळू चालणारं. पण पायावर बारीक लाल ठिपके आले, काचेचा ग्लास दाबून पाहिला तरी पुसट होत नाहीत, सोबत ताप, हिरड्यांतून रक्त, तर घामोळं म्हणून पावडर लावत बसू नका, त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी करा आणि स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, पाहायला सांगा. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरात, प्लेटलेट उतरले का असे ठिपके येतात, डेंगूतही येतात, थांबायचं दोन्हीत नाही. तापासोबत एकाएकी दुखरे, फुगीर लाल चट्टे उठले आणि अँटिबायोटिकनं हलले नाहीत तर स्वीट सिंड्रोम नावाचा कातडीचा आजार असू शकतो. तो कधी साध्या इन्फेक्शननंतर येतो, कधी त्याच्या मागं ल्युकेमिया असतो. अंगावर काहीच नाही, नुसती खाज, रात्री घामानं बनियन ओलं, वजन उतरलं, मानेत न दुखणारी गाठ, तर तोही लिम्फोमा असू शकतो, खाजेची गोळी पुरे झाली, गाठ दाखवा.

मोठेबाबांचं लवकरच्या स्टेजमध्ये सापडलं म्हणून केमो लागलं नाही, आठवड्यातून तीनदा अतिनील किरणांच्या लाईटच्या पेटीत उभं राहायचं, एवढंच. एसटीनं जातात, पिशवीत तिन्ही बायोप्सीचे कागद अन् सगळ्या जुन्या ट्यूबा. डॉक्टरनंच आणायला सांगितल्या होत्या, मोजल्या तर अकरा निघाल्या.