शाळेशेजारचा जुना वाडा जपायचा असेल, तर रहिवाशांनी आपले म्हणणे कसे मांडावे

पणजीच्या फोंताइन्हास, मळा आणि सां तोमे या भागांत किंवा मडगावच्या बोर्डा परिसरात घरे आणि शाळा पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या सावलीत उभ्या आहेत. अशा वाड्यातील (गोव्यात वाडा म्हणजे वस्ती) शाळा जेव्हा नवा मजला, सभागृह किंवा वाहनतळ बांधायचे ठरवते, तेव्हा रहिवासी बहुधा दोनपैकी एक मार्ग धरतात. काही जण ‘वारसा वाचवा’ एवढेच लिहिलेल्या कागदावर सह्या गोळा करतात, तर काही जण मुलांच्या शिक्षणाआड कशाला यायचे म्हणून गप्प बसतात. पहिल्या कागदाला अधिकाऱ्याने उत्तर द्यावे असे त्यात काही नसते आणि दुसऱ्या मार्गात तर कागदच नसतो. ज्याला उत्तर देणे भाग पडेल असे निवेदन कसे तयार करावे, ते पुढे सांगितले आहे.

आधी प्रस्ताव वाचा

वाड्यात बातमी पोहोचते ती बहुतेक वेळा अर्धवट असते आणि ऐकीव माहितीवर लिहिलेले निवेदन नकाशा उघडताच कोसळते. म्हणून पहिले काम जागेची ओळख पटवण्याचे. गावात सर्व्हे क्रमांक आणि एक-चौदाचा उतारा लागतो. शहरात मात्र पी. टी. शीट क्रमांक, चलता क्रमांक (शहर भूमापनातील भूखंडाचा क्रमांक) आणि फॉर्म ‘डी’ यांवरून जागा ओळखली जाते. शाळेची इमारत एका चलता क्रमांकात आणि मैदान दुसऱ्यात असू शकते, त्यामुळे दोन्ही पाहावेत.

त्यानंतर ती जागा कोणाच्या अखत्यारीत येते ते पाहावे. नियोजन क्षेत्रात १९७४ च्या नगर आणि ग्राम नियोजन कायद्याखाली नियोजन आणि विकास प्राधिकरणाची, म्हणजे पीडीएची, विकास परवानगी आधी लागते आणि पालिकेचा बांधकाम परवाना नंतर मिळतो. नियोजन क्षेत्राबाहेर नगरनियोजन खाते तांत्रिक मंजुरी देते आणि परवाना पंचायत देते. पंचायतीने परवाना दिल्यावर पीडीएकडे धावणे किंवा पीडीएकडे फाईल असताना केवळ नगरसेवकाला भेटून परतणे, या दोन्ही गोष्टींत वेळ फुकट जातो.

ओडीपीच्या, म्हणजे बाह्यविकास आराखड्याच्या, नकाशावर जागा कोणत्या रंगात आहे, हेही तिथेच कळते. पणजीचे जुने भाग संवर्धन क्षेत्रात मोडतात आणि अशा क्षेत्रातील प्रस्तावांची छाननी करण्यासाठी संवर्धन समिती असते. प्रस्ताव समितीपुढे गेला आहे का आणि समितीने काय म्हटले, हा प्रश्न साधा आहे, पण तो लेखी विचारणारे फार थोडे असतात. जमिनीचा झोनच बदलायचा असेल, तर २०२४ मध्ये कायद्यात आलेल्या ३९-अ या कलमाखाली हरकती आणि सूचनांसाठी ३० दिवसांची मुदत असते. ती उलटून गेल्यावर जागे होण्यात अर्थ नाही. फाईल सहज दाखवली गेली नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा आणि त्यात प्रतींबरोबरच फाईल प्रत्यक्ष पाहण्याची मागणीही करावी, कारण नकाशाची छोटी झेरॉक्स बऱ्याचदा वाचताच येत नाही.

नेमके काय जपायचे आहे ते ठरवा

‘वाड्याचे वेगळेपण’ हा शब्दप्रयोग निवेदनात एकदा वापरावा आणि लगेच त्याचा अर्थ वस्तूंमध्ये सांगावा. जुन्या पणजीत घरे रस्त्याला चिकटून उभी असतात आणि मधे अंगण किंवा कुंपण नसते. बल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओसरीच्या, पायऱ्या थेट रस्त्यावर उतरतात. मंगळुरी कौलांच्या वळचणी साधारण एकाच उंचीवर धावतात आणि त्या रेषेमुळेच अरुंद गल्लीतही आकाश दिसते. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, त्यांवरचा चुन्याचा गिलावा, लोखंडी किंवा लाकडी कठडे, कुठे खिडकीत काचेऐवजी बसवलेले शिंपल्याचे तुकडे, मळ्याकडे वळले की तुळशीवृंदावने, हे सगळे दिसणारे वेगळेपण झाले.

न दिसणारे वेगळेपण बहुतेक निवेदनांत सुटते, आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे आहे. चुन्याचा गिलावा भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो, तर त्यावर सिमेंट थापले की ओल जांभ्यातच अडकते आणि चिरा आतून झिजत जातो. शेजारच्या भूखंडावर जोत्याची पातळी वाढवली, की पाणी कोणाच्या भिंतीशी साचणार हे ठरून जाते. मळा हा सखल भाग आहे. मोठ्या पावसात भरती असली, की तिथले पाणी ओरेमच्या खाडीत लवकर उतरत नाही आणि रस्त्यावर तुंबते. अशा ठिकाणी शाळेचे मातीचे मैदान पेव्हर ब्लॉकने झाकले, तर ज्या जमिनीत पाणी मुरत होते तीच बंद होते. हा मुद्दा दर्शनी भिंतीच्या रंगापेक्षा कितीतरी वजनदार आहे, आणि तो मांडण्यासाठी वास्तुशास्त्राची पदवी लागत नाही. जून ते सप्टेंबरमधील दिनांकासह काढलेले फोटो आणि कोणत्या पायरीपर्यंत पाणी चढले याची नोंद एवढे पुरेसे असते.

टेप घेऊन एकदा रस्त्यावर उतरावेच. एका बल्कांवची सर्वांत खालची पायरी जिथे संपते, तिथपासून समोरच्या गटाराच्या कडेपर्यंत अंतर मोजावे, आणि मग शाळा सुटण्याच्या वेळी त्याच जागी उभे राहावे. बालरथ, म्हणजे शाळेची बस, वळतो, मागचे चाक पायरीच्या कोपऱ्याला घासते, त्याच वेळी मुलांना न्यायला आलेल्या दुचाकी भिंतीला लागून उभ्या असतात आणि पर्यटक एखाद्या रंगीत दारासमोर फोटोसाठी थांबलेले असतात. पायरीचा तो झिजलेला कोपरा, त्याचे माप आणि बसच्या रुंदीचा आकडा एका कागदावर आला, की ‘वाहतुकीचा त्रास होतो’ या वाक्याची गरज उरत नाही. हे मोजमाप शाळेच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशीही करावे, नाहीतर जी कोंडी मुळात भाड्याच्या गाड्यांमुळे होते तिचे खापर शाळेवर फुटते.

शाळेची बाजू निवेदनात यायलाच हवी

शाळेला बांधकाम करावे लागते त्यामागे अनेकदा कायद्याची सक्ती असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, अडथळ्याविना प्रवेश आणि खेळाचे मैदान यांचा उल्लेख आहे. २००४ मध्ये तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले दगावली आणि त्यानंतर शाळांच्या अग्निसुरक्षेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेव्हा आपत्कालीन जिना किंवा रॅम्प वारशाच्या नावाखाली अडवू नये. तसे करणे चुकीचे तर आहेच, शिवाय त्यामुळे निवेदनातील बाकीच्या रास्त मागण्यांचाही भरवसा जातो. जिना रस्त्याकडच्या दर्शनी भिंतीवर न लावता मागच्या किंवा मैदानाच्या बाजूला घ्यावा, ही मागणी मात्र पूर्णपणे रास्त आहे.

आणखी एक गोष्ट शाळेवर रागावलेल्या शेजाऱ्यांना सहसा सुचत नाही. शाळा आहे म्हणून वाड्याला काही संरक्षण मिळते. २००३ च्या तंबाखूविषयक कायद्यानुसार शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे शैक्षणिक संस्थेभोवतीचा १०० मीटरांचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो आणि तिथे दिवसा ५० व रात्री ४० डेसिबलची मर्यादा असते. मात्र २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य शासनाने ते क्षेत्र खास अधिसूचित केलेले असावे लागते. अधिसूचना झाली नसेल, तर ती करण्याची मागणी शाळेने आणि रहिवाशांनी मिळून करावी. शाळा वाड्यातून उठून गेली आणि त्या जागी हॉटेल आले, तर वाड्याचे वेगळेपण अधिक टिकेल असे मानणाऱ्याने संध्याकाळी फोंताइन्हासमध्ये एक फेरी मारून यावे.

मते कोणाची आणि कशी घ्यायची

रहिवासी कोण, हा प्रश्न गोव्यात वाटतो तितका सोपा नाही. आपल्याकडील वारसाहक्काची पद्धत १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली आहे आणि तिच्यात मुलगे व मुली यांचा हक्क सारखा आहे. त्यामुळे एका जुन्या घराच्या उताऱ्यावर अनेक नावे असतात आणि त्यांतील काही जण मुंबईत, काही लिस्बनमध्ये राहतात. घरात प्रत्यक्ष राहतो तो कदाचित जुना भाडेकरू असतो आणि गळक्या छपराखाली बादली ठेवण्याचे काम त्याचेच असते. मालकाचे मत इमारतीच्या भवितव्याबद्दल असते, भाडेकरूचे रोजच्या जगण्याबद्दल. दोन्ही घ्यावीत, पण एकाच रकान्यात भरू नयेत. सकाळी सायकलवर फिरणारा पदेर (पाववाला), कोपऱ्यावरचा दुकानदार, शाळेचे शिक्षक आणि वाड्यातच राहणारे पालक यांनाही विचारावे. पालक-रहिवासी हा गट सर्वांत उपयोगी ठरतो, कारण त्यांना दोन्ही बाजू एकाच घरात ऐकाव्या लागतात.

प्रश्न विचारताना उत्तर त्यातच घालू नये. ‘वारसा उद्‌ध्वस्त करणाऱ्या या बांधकामाला तुमचा विरोध आहे ना?’ असे विचारले, की सगळे हो म्हणतात आणि त्या होकाराला किंमत राहत नाही. त्याऐवजी या रस्त्यावरची कोणती गोष्ट बदलू नये असे वाटते, शाळेमुळे कोणती सोय होते, कोणती गैरसोय दिवसाच्या कोणत्या वेळी होते आणि प्रस्तावातील कोणता बदल झाल्यास तुमची हरकत उरणार नाही, असे चार प्रश्न पुरतात. बोलणे कोकणीत होऊ दे आणि नोंद मराठीत होऊ दे, पण लिहिलेले त्या व्यक्तीला वाचून दाखवावे आणि मगच सही घ्यावी. आजीबाईंच्या वतीने नातवाने सही ठोकण्याची पद्धत बंद करावी. ज्यांना प्रस्ताव पूर्ण मान्य आहे त्यांचीही संख्या निवेदनात द्यावी. ती लपवली, तर शाळेचे व्यवस्थापन ती सुनावणीत पुढे आणतेच.

निवेदन लिहिताना

‘शाळेच्या नव्या इमारतीमुळे आमच्या वाड्याचे सौंदर्य नष्ट होईल’ या वाक्यावर अधिकारी फार तर ‘नोंद घेतली’ असा शेरा मारू शकतो. तेच म्हणणे पुढील प्रकारे लिहून पाहावे: ‘नकाशानुसार इमारतीची रस्त्याकडील बाजू लगतच्या घरांच्या वळचणीपेक्षा एक पूर्ण मजला वर जाते. वरचा मजला मैदानाच्या दिशेने मागे घेतल्यास वर्गखोल्या तेवढ्याच राहून रस्त्यावरून दिसणारी छपरांची रेषा कायम राहील. असा पर्याय तपासला होता का आणि तपासून नाकारला असल्यास त्याची कारणे कोणती, हे लेखी कळवावे.’ यात वस्तुस्थिती आहे, पर्याय आहे आणि उत्तर देण्याजोगा प्रश्न आहे.

एका निवेदनात पाच-सहा मुद्द्यांहून अधिक नसावेत आणि सर्वांत भक्कम मुद्दा पहिला यावा. मुद्द्यासमोर त्याचा पुरावा कोणत्या पानावर जोडला आहे ते लिहावे. भावना, आठवणी आणि शाळेचा गौरवशाली इतिहास यांना एक परिच्छेद द्यावा, त्याहून जास्त नको. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीबरोबर मराठीचाही शासकीय कामकाजात वापर होतो, त्यामुळे निवेदन मराठीत देण्यास संकोच बाळगू नये. मात्र फाईलवरचे शेरे आणि नकाशे बहुधा इंग्रजीत असतात, तेव्हा सोबत इंग्रजी प्रत जोडल्याने आपलेच काम हलके होते. प्रत पीडीएला किंवा खात्याला, पालिकेला अथवा पंचायतीला आणि न विसरता शाळेच्या व्यवस्थापनालाही द्यावी. शाळेला आपले म्हणणे वर्तमानपत्रातून कळले, तर पुढची बोलणी तिथेच संपतात.

दिल्यानंतर

आपल्या प्रतीवर इनवर्ड क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये. महिनाभरात काहीच हालचाल दिसली नाही, तर त्या इनवर्ड क्रमांकाचा हवाला देऊन निवेदनावर झालेल्या कारवाईची माहिती माहिती अधिकाराखाली मागावी. उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची आहे, आणि उत्तर आले नाही तर पहिले अपील करता येते.

परवानगी मिळालीच, तर तिच्या अटी वाचाव्यात. बांधकामाच्या वेळा, मलबा टाकण्याची जागा, गटाराची पातळी आणि पावसाळ्यापूर्वी पूर्ण करायची कामे यांची टाचण दोन-तीन घरांत ठेवावी. काम सुरू होण्यापूर्वी लगतच्या घरांच्या भिंतींचे, विशेषतः आधीपासून असलेल्या तड्यांचे, फोटो मालक, भाडेकरू आणि शाळेचा प्रतिनिधी यांच्या समक्ष काढून तिघांच्या सह्या घ्याव्यात, म्हणजे नंतर कोणता तडा जुना आणि कोणता नवा यावर भांडण होत नाही. काम संपत आले, की मंजूर नकाशा आणि उभी इमारत ताडून पाहावी. मागे घ्यायचा मजला पुढेच राहिला असेल किंवा मातीचे ठेवायचे मैदान झाकले गेले असेल, तर तो फरक भोगवटा दाखला दिला जाण्यापूर्वी लेखी कळवावा.