विमानतळावरील सुरक्षा तपासणी: अंगावर काय घालावे, हातातल्या बॅगेत काय ठेवावे

विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीत अडकून पडण्याची कारणे बहुतेक वेळा आदल्या रात्रीच घरी तयार झालेली असतात. पट्ट्याचे जाड बकल, शर्टाच्या खिशातली चिल्लर, बॅगेच्या तळाशी गेलेली पॉवर बँक किंवा लेकीसाठी प्रेमाने घेतलेले सुके खोबरे, यांपैकी एक गोष्टही पाच-दहा मिनिटे खाते आणि मागच्या रांगेच्या नजरा आपल्याकडे वळवते. खालील माहिती प्रामुख्याने भारतातील विमानतळांसाठी आहे. परदेशातील विमानतळावर काही नियम वेगळे पडतात आणि ते जिथे महत्त्वाचे आहेत तिथे सांगितले आहेत.

आपल्याकडची पद्धत आधी समजून घ्यावी. मुंबई, पुण्यासह देशातील बहुतेक मोठ्या विमानतळांवर ही तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे, म्हणजे सीआयएसएफचे जवान करतात. १९९९ साली काठमांडूहून निघालेल्या विमानाचे अपहरण झाल्यानंतर हे काम या दलाकडे सोपवण्यास सुरुवात झाली आणि फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरच्या विमानतळावर त्याची पहिली तुकडी दाखल झाली. परदेशात अनेक ठिकाणी धातू शोधणाऱ्या चौकटीतून जाताना आवाज झाला नाही तर प्रवासी थेट पुढे जातो. आपल्याकडे मात्र चौकट वाजो अथवा न वाजो, प्रत्येकाला पुढच्या लहान चौथऱ्यावर उभे राहून हात पसरावे लागतात आणि जवान हातातले यंत्र अंगावरून फिरवून झडती घेतो. त्यामुळे ‘आपल्या अंगावर काही वाजणार नाही’ या हिशेबापेक्षा ‘वाजले तर ते काय आहे हे क्षणात दाखवता येईल’ या हिशेबाने कपडे निवडावेत.

पहिली पायरी: कपडे आणि पादत्राणे

साधी, सैलसर आणि कमी खिशांची पँट सर्वांत सोयीची. आठ-आठ खिशांच्या कार्गो पँटमध्ये कुठे तरी किल्ली किंवा गोळ्यांची पट्टी राहून जातेच. पट्ट्याशिवाय टिकणारी पँट असेल तर पट्टा बॅगेतच ठेवावा, कारण तो काढून ट्रेमध्ये टाकायला सांगितले जाण्याची शक्यता मोठी असते आणि एका हाताने पँट सावरत दुसऱ्या हाताने बॅग उचलण्याची कसरत कोणालाच शोभत नाही. विमानात गारठा असतो म्हणून जाकीट न्यायचे असल्यास ते रांगेत लागण्यापूर्वीच काढून हातावर घ्यावे. जाकीट ट्रेमध्येच जाते. शाल असल्यास तीही.

बूट घोट्याच्या वर जाणारे किंवा जाड तळव्याचे असतील तर ते काढायला लावतात. अनेक चामडी बुटांच्या तळव्यात आकार टिकवण्यासाठी पोलादाची पट्टी असते आणि ती यंत्राला बरोबर सापडते. सहज निघणारी पादत्राणे घालावीत आणि खाली मोजे असावेत. अमेरिकेत सर्वांनाच बूट काढायला लावण्याची जुनी सक्ती जुलै २०२५ मध्ये उठली, पण एखाद्याला वेगळे काढून बूट तपासण्याची मुभा अधिकाऱ्यांना तिथेही आहेच.

दागिन्यांविषयी विनाकारण धास्ती असते. सोने विजेचे उत्तम वाहक असल्यामुळे ते धातुशोधकावर वाजते, पण मंगळसूत्र, बांगड्या किंवा कानातले उतरवायला सहसा सांगत नाहीत. यंत्र तिथे वाजले की जवान पाहून घेतात. स्त्रियांची तपासणी पडद्याआडच्या लहान कक्षात महिला जवानच करतात. साडीला चहूबाजूंनी पिना लावल्या असतील तर यंत्र पाच-सहा ठिकाणी बोलते आणि तेवढा वेळ जातो, म्हणून प्रवासाच्या दिवशी खांद्याची एक आणि निऱ्यांची एक अशा दोन पिनांवर भागवावे. अंतर्वस्त्रातली तार वाजली तर संकोच करू नये, तपासणाऱ्या महिलेसाठी ती रोजचीच बाब आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. एक म्हणजे चांदीचा करगोटा आणि दुसरी जानव्याला बांधलेली कपाटाची किल्ली. करगोटा राहिला तरी चालतो. किल्ली मात्र घरूनच बॅगेत टाकावी.

दुसरी पायरी: हातातली बॅग लावणे

साध्या तिकिटावर बहुतेक भारतीय विमान कंपन्या ७ किलोपर्यंतची एक बॅग सोबत नेऊ देतात, शिवाय लॅपटॉपची बॅग किंवा पर्स. ही बॅग लावताना एकच तत्त्व पाळावे: जे बाहेर काढावे लागणार आहे ते सर्वांत वर. लॅपटॉप, टॅबलेट, पॉवर बँक, कॅमेरा आणि वायरींचा गुंता बहुतेक ठिकाणी वेगळ्या ट्रेमध्ये मागतात. काही विमानतळांवर नवी यंत्रे आल्याने ते बॅगेतच राहू देतात, पण ते तिथल्या जवानाने सांगितल्यावर ठरवावे.

पॉवर बँकेबद्दल थोडे तपशिलात सांगायला हवे, कारण इथे लोक उलट करतात. ती मोठ्या बॅगेत ठेवून विमान कंपनीच्या काउंटरवर देतात आणि मग नावाची घोषणा होते. लिथियमच्या बॅटरीने पेट घेतला तर प्रवाशांच्या कक्षात ती दिसते आणि विझवता येते, सामानाच्या कप्प्यात ते अवघड असते. म्हणूनच पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्याच बॅगेत लागतात. मर्यादा १०० वॅट-तासांची (बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचे माप) आहे, त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्यावर नेताच येत नाही. पॉवर बँकेवर बहुधा एमएएच (मिलीअँपिअर-तास) छापलेले असते. त्या आकड्याला १,००० ने भागून ३.७ ने गुणावे. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची होते, म्हणजे बिनघोर. छापील आकडा पुसला गेलेली पॉवर बँक घरीच ठेवावी, कारण ती किती क्षमतेची आहे हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही.

चाकू, मोठी कात्री, स्क्रू ड्रायव्हर आणि रेझरची सुटी पाती काउंटरवर द्यायच्या बॅगेत टाकावीत. काडेपेटी आणि लायटर भारतात कोणत्याच बॅगेत चालत नाहीत. पूजेच्या पेटीत काडेपेटी आणि कापूर जोडीने बसलेले असतात, तेव्हा ती पेटी एकदा उघडून पाहावी.

तिसरी पायरी: खाऊ

मराठी घरातली बॅग अडते ती बहुधा इथेच. माझ्या मावशीच्या हँडबॅगेचे उदाहरण देतो. यंत्राचा सरकता पट्टा थांबला, मागे गेला, पुन्हा पुढे आला. पडद्यावर अर्धगोल सावल्या एकात एक बसलेल्या दिसत होत्या. जवानाने बॅग बाजूला घेतली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा खोबऱ्याच्या वाट्या बाहेर काढल्या. ‘‘अहो, खायचं खोबरं आहे ते,’’ मावशी म्हणाली. ‘‘माताजी, सूखा नारियल नहीं जाएगा,’’ तो शांतपणे म्हणाला आणि वाट्या शेजारच्या पेटीत गेल्या. मावशीला तो अन्याय वाटला, पण नियमामागे कारण आहे. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून अधिक तेल असते आणि ते साठवणीत आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून हवाई वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत खोबऱ्याची नोंद स्वतःहून पेटणाऱ्या पदार्थांत आहे. ते काउंटरवरच्या बॅगेतही टाकू नये. अख्खा नारळही हातातल्या बॅगेत एरवी चालत नाही. २०२४ च्या अखेरीस शबरीमलाच्या यात्रेकरूंना तो नेण्याची सवलत मिळाली, पण तीही २० जानेवारी २०२५ पर्यंतच होती.

लाल तिखट हातातल्या बॅगेत ठेवू नये. डोळ्यांत फेकता येणारी वस्तू म्हणून ते अडवले जाते. लोणचे, तूप आणि काळा मसाला काउंटरवर द्यायच्या बॅगेत, दुहेरी पिशवीत बांधून ठेवावा. लाडू, शंकरपाळी, चिवडा, चकली यांना कोणी हात लावत नाही.

परदेशी जाताना द्रवांचा नियम आणखी कडक होतो. २००६ साली लंडनहून सुटणाऱ्या विमानांत द्रव स्फोटके नेण्याचा कट उघडकीस आल्यापासून १०० मिलीलीटरची मर्यादा आली. इथे मोजले जाते ते बाटलीवर छापलेले आकारमान. २०० मिलीची अर्धी संपलेली शाम्पूची बाटली म्हणूनच अडते. अशा लहान बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत ठेवाव्यात. टूथपेस्ट, जेल आणि श्रीखंडसुद्धा या हिशेबात येते. पाण्याची बाटली रिकामी न्यावी आणि आत गेल्यावर भरून घ्यावी. लहान मुलाचे दूध आणि औषधे यांना सवलत असते, पण विचारल्यावर दाखवता येतील अशी ती वर ठेवावीत.

औषधे आणि शरीरातील उपकरणे

इन्सुलिन आणि सुया सोबत असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी. पेसमेकर असलेल्याने चौकटीपाशी पोहोचण्याआधीच तसे सांगून त्याचे ओळखपत्र दाखवावे, आणि हातातले यंत्र छातीपाशी धरून ठेवू नये अशी विनंती करावी. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल तर तो वाजणार हे गृहीत धरावे आणि आधीच सांगावे. आधी सांगितलेली गोष्ट दोन मिनिटांत संपते.

रांगेत आणि यंत्रापाशी

रांगेत उभे असतानाच मोबाइल, पाकीट, घड्याळ, किल्ल्या आणि नाणी बॅगेच्या एकाच चेनच्या कप्प्यात टाकावीत. ट्रेमध्ये सुटे ठेवलेले पाकीट कोणाच्याही हाताला लागू शकते. बोर्डिंग पास मात्र हातात हवा. आपला ट्रे यंत्राच्या तोंडात शिरलेला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चौकटीकडे जाऊ नये, कारण एकदा झडतीच्या रांगेत गेले की पाठीमागे पाहता येत नाही. दोघे असल्यास एकाने आधी पलीकडे जावे आणि सामान सांभाळावे.

बॅग बाजूला घेतली तर शांतपणे मालकी सांगावी आणि स्वतः हात घालून काही काढू लागू नये. बॉम्ब, पिस्तूल हे शब्द थट्टेतही उच्चारू नयेत. अशा विनोदापायी विमान चुकलेले आणि पोलीस ठाण्यात बसलेले प्रवासी दर काही महिन्यांनी बातम्यांत दिसतात. वस्तू नेता येणार नसेल तर वेळ पाहून ठरवावे: परत काउंटरवर जाऊन ती मोठ्या बॅगेत टाकता येते का, किंवा बाहेर सोडायला आलेल्या माणसाकडे देता येते का. दोन्ही शक्य नसेल तर ती सोडून द्यावी, वाद घालू नये.

पलीकडे गेल्यावर जेवढे ट्रे ठेवले तेवढे मोजून घ्यावेत. कमरेचा पट्टा, बूट, घड्याळ तिथेच यंत्रापाशी उभे राहून चढवत बसू नये, सगळे उचलून जवळच्या बाकावर जावे. जिथे बोर्डिंग पासवर शिक्का मारण्याची पद्धत आहे तिथे तो उमटला आहे का, हे त्याच वेळी पाहावे, कारण गेटवर शिक्का नसलेला पास परत पाठवतात. आणि उठण्यापूर्वी रिकाम्या वाटणाऱ्या ट्रेच्या तळाशी एकदा हात फिरवावा. काळ्या ट्रेमध्ये काळा मोबाइल दिसत नाही.