पॅकिंगच्या ब्राउन टेपमधून चित्र कसं करायचं

खोकी बंद करायची ती ब्राउन टेप काचेवर चिकटवा आणि मागून लाईट लावा. एक थर पिवळसर दिसतो, दोन-तीन थर तपकिरी आणि पाच-सहा झाले की जवळपास काळा, बास, सगळा खेळ एवढाच. मार्क खाइसमन आणि मॅक्स झॉर्न यांची कामं शोधून बघा, ह्याच टेपमधून केलेले चेहरे आहेत.

सामान: टेप, फोटोफ्रेमची काच, 11 नंबरचं सर्जिकल ब्लेड, टोकदार चिमटा, एलईडी पॅनेल. टेप घेताना एक तुकडा दिव्यासमोर धरा, काही ब्राउन टेप अपारदर्शक असतात, त्या ह्या कामाला बाद. आणि अख्खं चित्र एकाच कंपनीच्या टेपमध्ये करा, दुसरीची शेड वेगळी येते. सगळे अ‍ॅक्रिलिक शीट घ्या म्हणतात, नवशिक्यांनी अजिबात घेऊ नका, ब्लेडचा प्रत्येक ओरखडा त्यावर उठतो आणि लाईट लावला की चमकतो. काचेवर ब्लेड लवकर बोथट होतं, होऊ दे, बदला.

फोटो कुठल्याही अ‍ॅपमध्ये पोस्टराइज करून, म्हणजे त्यातल्या छटा कमी करून, चार शेड करा, प्रिंट काढा, काचेच्या मागे घट्ट चिकटवा.

थर लावताना प्रत्येक शेड वेगळी कापायची नाही. नकाशात डोंगर दाखवतात तसं समजा: पहिला थर पांढरा भाग सोडून सगळीकडे, दुसरा त्याहून गडद भागावर, तिसरा त्याहून गडद, असं वर वर चढत जायचं. टेप लाईनच्या बाहेर जाईल अशी लावा, लाईनवरून कापा, जास्तीची चिमट्याने काढा.

आता जोड. लोक इथेच वैतागून सोडून देतात, मी पण बरेच दिवस इथेच अडकलो होतो. टेप साधारण 48 मिमी रुंद असते, चेहरा त्याहून मोठा, म्हणजे दोन पट्ट्या शेजारी लावाव्या लागणारच. एकीवर एक चढली तर लाईटमध्ये गालावरून काळी रेघ, फट राहिली तर पांढरी. "एक मिलिमीटर चढवा, काही दिसत नाही" हा सल्ला देणाऱ्याने स्वतःचं काम लाईट लावून बघितलेलं नसतं, दुसरं काय!

करायचं असं की पहिल्या थरात दुसरी पट्टी पहिलीवर पाचेक मिमी चढवायची, मग चढलेल्या भागाच्या मधोमध मोजपट्टी ठेवून एकाच दमात दोन्ही टेप काचेपर्यंत कापायच्या. वरचा बारीक तुकडा लगेच निघतो, मग वरच्या टेपची कड हलकेच उचलून खालचा तुकडा चिमट्याने ओढून काढा आणि कड परत दाबा. दोन्ही कडा एकमेकींना बरोब्बर भिडतात कारण त्या एकाच कापातून आलेल्या असतात. ब्लेड नवीनच हवं, बोथट ब्लेड टेप कापत नाही, ओढतं.

दुसऱ्या थरापासून ही युक्ती नको कारण खालचा थर पण कापला जातो. तिथे जोड सावलीत लपवा, केसांची कड, जबड्याखाली, नाकाच्या गडद बाजूला, जिथे पुढे अजून थर येणारच आहेत. पहिल्या थराच्या पट्ट्या आडव्या असतील तर दुसऱ्याच्या उभ्या, म्हणजे जोडावर जोड येत नाही. वरचा थर कापताना हाताचा जोर शून्य, टेप जेमतेम 40-50 मायक्रॉन जाड असते, ब्लेडचं वजनच पुरतं. गोल कापताना हात नाही, काच फिरवा.

टेप रोलमधून काढताना मध्ये थांबू नका. जिथे थांबाल तिथे गोंदावर आडवी रेघ उमटते, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही पण मागून लाईट आला की कपाळावर चट्टा दिसतो. हवी त्यापेक्षा लांब पट्टी एका ओढीत काढा आणि दोन्ही टोकं कापून टाका, तिथे बोटांचे ठसे पण असतात.

बुडबुडे आले तर सुईने टोचून दाबा.

प्रिंट काढून टाका, काचेमागे बटर पेपर लावा म्हणजे एलईडीचे ठिपके दिसणार नाहीत. पॅनेल आणि काचेत बोटभर अंतर ठेवा. तापणारा जुना बल्ब लावू नका, उष्णतेने गोंद मऊ पडतो आणि थर सरकतात.